काचेवरचं च्युइंगम

सोमवार, ४ फेब्रुवारी

चि. मुलीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून दिलंस, तरी माझं काही म्हणणं नाही. उघडलं असशील तर आधीच सांगतो, काळजीचं कारण नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र कामाचं आहे.

काम असं की, गोगलगाईंना अंड्याचं टरफल किती घालायचं?

तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, "मला काय ठाऊक? तो खटाटोप तुम्हा बापलेकीचा होता." म्हटलं, रविवारी तिचा फोन येईल तेव्हा विचार. तर म्हणाली, "तुम्हाला तोंड आहे ना? तुम्हीच विचारा." फोनवर मला बोलता येत नाही हे तू जाणतेस. फोनवर मी ओरडतो. चाळीस वर्षं दुकानात "हे अक्षर दिसतंय का? आता? आणि आता?" करून आवाज तसाच होऊन बसलाय. म्हणून कागद.

झालं असं. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईने सांगितलं असेलच. डावा अजून पिकायचा आहे. हसायचं तर हस, चष्मेवाल्याचेच डोळे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही याच धंद्यातले, इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हटलं, "दिव्याखाली अंधार." त्या पुढे म्हणाल्या की मोतीबिंदू चांगला सात-आठ वर्षांचा जुना दिसतोय. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता महिना-दीड महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, काच घासायच्या यंत्रापाशी धुळीत बसायचं नाही. म्हणजे दुकान बंद. माणसाने घरात बसून करायचं काय? तुझी टाकी अजून खिडकीशेजारी, होती तिथेच आहे. तू गेल्यावर आईने तिच्यात चार मासे सोडले. काच हिरवीगार झाली होती आणि मला घासायला बंदी. तर ही बाजारात गेली आणि माशांच्या दुकानातून दोन गोगलगाई घेऊन आली. "या घासतील. तुम्ही बसा," म्हणाली.

पिवळ्या शंखाच्या आहेत, लिंबाएवढ्या. तुझ्या होत्या तशाच. दिवसभर काचेवरून फिरतात आणि मी दिवसभर त्यांच्याकडे बघतो. आमचं तिघांचं बरं चाललंय. फक्त एकीच्या शंखाला पांढरे चट्टे पडलेत. तिला चुना कमी पडतोय, एवढं मला कळतं. तू अंड्याची टरफलं उन्हात वाळवून, कुटून, मलमलीतून गाळून टाकायचीस, हेही आठवतं. किती चमचे, ते आठवत नाही. तेवढं कळव.

पत्ता आईकडून मागितला. कशाला हवा, असं तिने विचारलं नाही. फळ्यावर लिहितात तसा मोठ्या अक्षरात लिहून दिला, माझ्याकडून चुकू नये म्हणून.

तुझे बाबा


मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझी ओळ आली नाही. टपाल रखडलं असेल, असं आई म्हणाली, पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मी आपला अंदाजाने एक चमचा चुरा घातला. पाणी दोन दिवस दुधाळ झालं आणि मासे रुसून कोपऱ्यात बसले. गोगलगाई मात्र त्या चुऱ्यावरून मजेत फिरल्या.

आजचं पत्र टरफलाचं नाही.

काल सकाळी तोंड धुऊन टाकीपाशी आलो, तर झाकणाच्या खाली, पाण्यापासून चार बोटं वर, काचेला च्युइंगम. गुलाबी. करंगळीएवढं लांब, चघळून दाबून बसवावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलो, "हे कोणी लावलं?"

घरात आम्ही दोघं. आतून तुझी आई अगदी शांतपणे म्हणाली, "मी. वरच्या कवळीने चघळलं आणि खालचीने चिकटवलं."

मी तरीही ब्लेड काढायला खणाकडे वळलोच. सवय. तिने येऊन खण बंद केला. "डोळ्यात आत्ताच थेंब घातलेत. ब्लेड हातात घ्यायचं नाही." म्हणून मग भिंग घेतलं, दुकानातलं, दहापटीचं. नव्या डोळ्याला लावलं आणि वाकू नये म्हणून खुर्चीवर चढून उभा राहिलो. (खुर्चीवर चढू नये, असं कोणी सांगितलेलं नाही.)

च्युइंगम नव्हतं. मणी होते. खसखशीहून मोठे, एकाला एक चिकटलेले, ओळीत. शे-दीडशे तरी असतील आणि एकही वाकडा नाही. इतकं नीटस काम मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

काळा गॉगल लावून माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, अंडी आहेत ती. ही जात पाण्याबाहेर चढून अंडी घालते. आपण झोपलेलो असतो, सकाळी उठून बघावं तर काचेवर गुलाबी गोळा. लोक घाण समजून खरवडून टाकतात."

मी म्हटलं, "असे मूर्ख लोक असतात?"

तो म्हणाला, "रोज येतात."

मी घरी आलो आणि टाकीसमोर बसलो ते जेवायला हाक मारेपर्यंत उठलो नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. शाळा सुटली की दप्तर घेऊन तडक दुकानात. उंच स्टुलावर बसून काचा पुसायचीस, जिभेचं टोक बाहेर काढून. अक्षरांचा तक्ता तुला वरून खाली आणि खालून वर पाठ. एखादं म्हातारं माणूस अडखळलं की तू हळूच "ट" म्हणायचीस आणि मी त्यांना चुकीचा नंबर काढून द्यायचो. गोगलगाय हा शब्द तू दुकानात बसून ऐकलास, म्हणून तुझ्या मते ती गॉगलगाय. तिचे डोळे काड्यांवर असतात, मग तिला गॉगल हवाच, यात तुला काही शंका नव्हती. तू चित्र काढलंस: शंख, दोन काड्या, काड्यांवर काळा चष्मा. ते चित्र मी दुकानात लावलं आणि येणारं गिऱ्हाईक तुलाच गॉगल म्हणायला लागलं. मग तू केलेल्या मातीच्या गोगलगाईसाठी मी हिरव्या काचेच्या तुकड्यातून वाटाण्याएवढ्या दोन लेन्स घासल्या, तारेची फ्रेम वाकवली, काड्याही लावल्या. एवढं नाजूक काम मी कोणाच्या नाकासाठी केलं नाही. तो चष्मा अजून टाकीच्या तळाशी आहे. एका काचेवर शेवाळ आलंय, दुसरी शाबूत आहे.

आणि त्याच वर्षी मला काचेवर पहिल्यांदा ते गुलाबी दिसलं.

दुकानातल्या स्टुलाखाली तू च्युइंगम लावायचीस, हे मला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "स्टुलाखालचं माझं आहे. हे मी नाही लावलं." मी खरवडलं. महिन्याभराने पुन्हा. तू पुन्हा म्हणालीस, "मी नाही लावलं, बाबा. स्टुलाखालचं मी कबूल केलं ना? मग हे का नाही करणार?" किती साधा हिशेब होता. मी म्हटलं, "गोगलगाय नि पोटात पाय." आईला तो विनोद आवडला नव्हता.

त्या दिवसापासून आपल्या घरात खोट्याला च्युइंगम म्हणायला लागले. लागले कशाला, मीच म्हणायला लागलो. "पोट दुखतंय की च्युइंगम?" "मैत्रिणीकडे चाललीस की च्युइंगम?" मला वाटायचं गंमत आहे.

आता काचेवर हिचा पाय बघतो. हिचा पायच पोटाला आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरळ समोरून दिसतो.

बाबा


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

चि. मुलीस,

आता टपालाला दोष देत नाही.

परवा तुझ्या आईने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. तुझे दुधाचे दात, शाळेचा बिल्ला, एक तुटकी कंपासपेटी. आणि घडी घातलेली चार पानं. "मी खोटं बोलणार नाही." शंभर वेळा. तिसऱ्यांदा च्युइंगम सापडलं तेव्हा मी लिहून घेतलं होतं. तेव्हा मी ते वाचलं नव्हतं. पानं भरलेली बघितली आणि मास्तरांसारखी खाली सही ठोकली.

आता वेळच वेळ आहे आणि डोळा नवा. बोट ठेवून एकेक ओळ मोजली. नव्याण्णव बरोबर. शंभरावी ओळ, त्याच अक्षरात, त्याच शाईत: "मी च्युइंगम लावलं नाही."

आणि त्याच्या खाली माझी सही.

चोवीस वर्षं ते कागदावर मला मान्य आहे आणि मलाच पत्ता नाही. मी हसलो. मग मला हसता येईना. तुझ्या आईने डबा उचलला आणि म्हणाली, "थेंब घालायची वेळ झाली."

पोरी, ते च्युइंगम नव्हतं. तू लावलं नव्हतंस. मी तीन वेळा तुला खोटं पाडलं आणि तुझ्या गोगलगाईंची अख्खी वंशवेल ब्लेडने खरवडून कचऱ्यात टाकली. त्या दीड-दोन वर्षं जगल्या आणि मागे काही न ठेवता गेल्या. तू त्यांना कुंडीत पुरलंस आणि मी म्हणालो, "मासे तरी बरे, निदान खाता येतात." हे सगळं मला आठवतंय. चुकलं माझं.

आता दुसरी गोष्ट. तुला वाटत असेल म्हातारा च्युइंगमवरच थांबेल. मलाही तसंच वाटत होतं.

तू मोठी होऊन दुकानात मापं घ्यायला लागली होतीस, तेव्हाचा तो दिवस. शिवणवर्गाच्या बाई तरातरा दुकानात आल्या, पायाला पट्टी बांधलेली. आठ दिवसांपूर्वी आपण त्यांना चष्मा दिला होता. तो लावला की भिंती कलतात, शिलाई तिरकी जाते, डोकं दुखतं आणि काल एक पायरी जागेवर नव्हती म्हणून त्या पडल्या. मी चष्मा तपासला. काचेची ताकद बरोबर होती, पण काच फिरवून बसवायची असते ती ऐंशी अंशांवर हवी होती. तीसवर बसली होती. काच मी घासली होती, वहीत माप तू लिहिलं होतंस.

मी वही उघडली आणि म्हणालो, "हे बघ, तीस लिहिलंयस."

तू म्हणालीस, "ऐंशी आहे, बाबा."

आपण इंग्रजी आकड्यांत लिहितो. आठाची डावी बाजू पुसट दिसली की त्याचा तीन होतो. मी बाईंपुढे वही धरली. बाई म्हणाल्या, "मला काय दाखवता? चष्माच तर चुकलाय!" दुकानात तीन-चार माणसं होती, ती हसली. तू म्हणालीस, "बाबा, खिडकीपाशी या. उजेडात बघा."

मी म्हटलं, "तू मला उजेड शिकवू नकोस." आणि बाईंकडे वळून म्हणालो, "मनावर घेऊ नका. हिचं च्युइंगम लहानपणापासूनचं आहे." त्यांनी विचारलं, "कसलं च्युइंगम?" मग मी ती गोष्ट सांगितली. सगळ्यांना. रंगवून.

तू पांढरा कोट काढलास, चार घड्या घातल्यास, स्टुलावर ठेवलास. आठवड्याभरात परगावी नोकरी लागली, असं आईकडून कळलं. सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात दुकान उघडून ती वही काढली. ऐंशी आहे. चांगलं ठसठशीत ऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणतात तसा मोतीबिंदू तेव्हाच धरलेला असणार. मला खरोखर तीन दिसला, मुद्दाम काही केलं नाही. डोळ्याचा दोष. तरी चूक ती चूक. मान्य करतो.

अंडी थोडी फिकी पडली आहेत. दुकानदार म्हणतो ते चांगलं लक्षण.

बाबा


सोमवार, ४ मार्च

गॉगल,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. ते दुरुस्त करायला हे पत्र.

ते पत्र टाकून मला फार हलकं वाटलं. इतकं, की वाटलं, शिवणवर्गाच्या बाईंनाही सांगून मोकळं व्हावं. गेलो. वर्ग नुकताच सुटला होता. जमिनीवर चिंध्या, टेबलावर खडू, बाई गुंडी लावत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं की चूक माझ्या मुलीची नव्हती, माझी होती, मला मोतीबिंदू होता, आता ऑपरेशननंतर कळलं.

बाईंनी सुई थांबवली. "सहा वर्षं मी त्या पोरीच्या नावाने बोटं मोडली हो! येता-जाता लोकांना सांगितलं, चष्मेवाला चांगला, मुलगी बेफिकीर."

मी म्हटलं, "म्हणून तर आलो."

"आणि तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"हो. ऑपरेशननंतर."

बाई शिकवतात पोरींना. खोटं त्यांना शिलाईसारखं दिसतं. त्या म्हणाल्या, "मग तेव्हा नवा चष्मा द्यायला तुम्ही स्वतः माझ्या घरी कसे आलात? तुम्ही कोणाच्या दारी जात नाही. त्या दिवशी आलात, मान खाली घालून चष्मा दिलात, चहाही न घेता गेलात. मी तेव्हाच म्हटलं होतं, यांचं काहीतरी हरवलंय."

मी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला.

"मुलीला लिहिलंत का?"

"लिहिलं."

"खरं लिहिलंत का?"

त्यांनी पुन्हा गुंडीत सुई घातली. मी घरी आलो. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो. आता लिहितो.

तू कोट ठेवून गेलीस त्याच्या दहाव्या दिवशी, दुपारी, दुकानात कोणी नसताना मी ती वही खिडकीपाशी नेली. तू सांगितलंस तशीच, उजेडात. भिंग लावलं. ऐंशी होतं.

मला सहा वर्षं माहीत आहे.

वही खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात. ती आजतागायत खिशातच होती. तुझी आई विचारायची, "त्या खणात असं काय आहे?" मी म्हणायचो, "जुने नंबर."

का सांगितलं नाही, ते मला तेव्हाही कळत नव्हतं. ऐंशी वाचता येत नाही, असा चष्मेवाला म्हटल्यावर दुकानात कोण येणार, हे एक. पण ते सगळं नाही. मला वाटलं, ती येईल तेव्हा सांगेन. मग वाटलं, फोन करेल तेव्हा. मग महिना झाला. आणि महिन्याने सांगायचं तर महिनाभर का नाही सांगितलं, तेही सांगावं लागतं. दोन महिन्यांनी दोन महिन्यांचं. असं करत करत ते इतकं मोठं झालं की मला उचलेना. तू फोन केलास की मी चप्पल घालून बाहेर पडायचो, ते रागाने नाही. तू चुकून "बाबांना दे" म्हणालीस तर काय करायचं, म्हणून.

आपल्या घरात च्युइंगम लावणारं माणूस एकच होतं आणि ते तू नव्हतीस.

तुझ्या आईला मी आज सकाळीच सांगितलं. चहाचा कप तिच्या हातात होता. तो तिने खाली ठेवला आणि आत गेली. दुपारी माझं ताट वाढलं, स्वतःचं नाही. संध्याकाळी मी टाकीत पाणी भरत होतो तेव्हा मागून एवढंच म्हणाली, "वरपर्यंत भरू नका. अंडी बुडतील."

वहीतलं ते पान फाडून यासोबत ठेवलंय. तुझं अक्षर आहे. तुझ्याकडेच असू दे. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. मला फक्त तू खोटी नव्हतीस, हे तुला माझ्या हाताने लिहून द्यायचं होतं. शंभर वेळा लिहायला सांगितलंस तर तेही लिहीन. शंभरावी ओळसुद्धा तीच असेल.

बाबा


शनिवार, ९ मार्च

गॉगल,

फुटली!

सकाळी बघतो तर गुलाबी गोळा करडा झालेला, चाळणीसारखा. आणि खाली काचेवर, तळाच्या खड्यांवर, माशांच्या नाकासमोर, सगळीकडे मोहरीएवढे शंख. त्यांना पाय आहे, डोळ्यांच्या काड्या आहेत, सगळं आहे. भिंगाने बघितलं. एकाच्या शंखातून आत चाललेली धडधडसुद्धा दिसते.

तुझ्या आईला हाक मारली. ती परवापर्यंत माझ्याशी हो-नाही एवढंच बोलत होती. आली, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाही अशीच निघाली असती." मी म्हटलं, "हो."

एकजण तुझ्या मातीच्या गोगलगाईच्या चष्म्यावर चढलाय. शेवाळ आलेल्या काचेवर. खातोय. दोन दिवसांत ती काचही स्वच्छ होईल, असं दिसतंय.

मोजायचा प्रयत्न केला, पन्नासनंतर चुकलो. एवढ्यांना ही टाकी पुरणार नाही. कोणाला देववत नाहीत. टरफल किती घालायचं ते मला अजून माहीत नाही. मी अर्धा चमचा घालतो.

बाबा


सोमवार, १८ मार्च

गॉगल,

तुझं पाकीट आज अकरा वाजता आलं. पत्त्यातला इंग्रजी आठ तू दोन गोल वेगवेगळे काढून, मधे फुली देऊन, आंधळ्याला दिसेल असा लिहिलायस. पोस्टमन म्हणाला, "काय सुंदर आठ काढलाय!" मी त्याला दारातच उभं ठेवून पाकीट फोडलं. त्याला जायचं होतं, पण मला साक्षीदार हवा होता.

आत कागद नव्हता. मी पाकीट उलटं केलं, झटकलं, उजेडात धरलं. चंदेरी कागदात गुंडाळलेलं एक च्युइंगम खाली पडलं. बाकी काही नाही.

तुझी आई आतून आली. तिने च्युइंगमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसायला लागली. पोस्टमन गोंधळला. म्हणाला, "काही वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो. मुलीचं पत्र आहे."

मग मी ते उलगडलं. गुलाबी होतं. तू किती दुकानं हिंडलीस कोण जाणे. दात माझे तीनच नीट आहेत, तरी तोंडात घातलं. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. जबडा दुखला, कानाशी टकटक व्हायला लागलं, पण सोडलं नाही. खिडकीशी बसून तासभर चघळलं. गोड होतं, मग नुसतंच रबर झालं, तरी चघळलं. तुला नऊ वर्षांची असताना यात काय मजा वाटायची ते मला आता थोडंसं कळतंय.

टाकीतल्या थोरलीने परवा पुन्हा अंडी घातली आहेत, आधीच्याच कोपऱ्यात. मी झाकण उचललं, तोंडातला गोळा काढला, करंगळीएवढा लांब केला आणि अंड्यांशेजारी काचेला दाबून बसवला. भिंगाशिवाय बघितलं तर फरक कळत नाही. खरंच कळत नाही, गॉगल. कोणीही फसेल. हे मी स्वतःला सोडवायला म्हणत नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात वीस तारखेला आहे. मग पुन्हा महिनाभर वाकायचं नाही, दुकान बंद. दुकानाची नवी किल्ली करून घेतली आहे, दुसरी. ती कोणाला द्यायची ते मी ठरवत नाही. खणाला आता कुलूप नाही. तुझा कोट आईने धुऊन ठेवलाय, चारच घड्यांचा. पिल्लं वाटाण्याएवढी झाली आहेत आणि टाकी भरून गेली आहे. चमच्याचं तू अजून सांगितलं नाहीस, ते आल्यावर सांग.

आता एवढं लिहीत होतो तेवढ्यात आई टाकीपाशी गेली, पाणी बघायला. तिने झाकण उचललं आणि तिथूनच ओरडली, माझ्याच आवाजात, "हे कोणी लावलं?"

मी म्हटलं, "मी लावलं."

पहिल्याच विचारण्यात.

बाबा